पांदणीवर मांडायची सूर्यमाला: अंतरं, कक्षा आणि खळ्यावरची पात

शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात सूर्य एका कडेला असतो आणि आठ ग्रह हारीने उभे असतात. प्रत्येकाभोवती एक रेघ, जणू गाडीची चाकोरी. मुलं तो तक्ता वर्षानुवर्षं पाहतात आणि दोन चुकीच्या गोष्टी मनात पक्क्या करून बसतात: ग्रह एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि कक्षा हा आकाशात आखलेला रस्ता आहे. पृथ्वी फक्त १ सेंटिमीटरची काढली तर नेपच्यून साडेतीन किलोमीटर लांब काढावा लागेल. असा कागद कुठे मिळत नाही. पांदण रस्ता मात्र प्रत्येक गावाला असतो, आणि सूर्यमाला शिकवायची खरी जागा तीच आहे.

खाली दिलेल्या कामाला साधारण तीन सकाळी लागतात. सोयाबीन निघाल्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. पावसाळ्यात काळ्या मातीत खुंटी उभी राहत नाही आणि उन्हाळ्यात त्याच मातीला भेगा पडून ती हलते. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत सकाळी नऊनंतर मुलांना उघड्यावर उभं करू नये.

पहिली सकाळ: १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर

हे प्रमाण निवडायला कारण आहे. हिशेब तोंडी होतो आणि अख्खी सूर्यमाला अर्ध्या किलोमीटरच्या आत बसते. सूर्याचा व्यास सुमारे १३ लाख ९० हजार किलोमीटर, म्हणून आपला सूर्य १३.९ सेंटिमीटरचा. जुन्या वर्तमानपत्रांचा गोळा करून त्यावर कणकेच्या खळीने कागद चिकटवा आणि मधून मधून दोरीने घेर मोजत राहा. घेर ४३.७ सेंटिमीटर झाला की थांबा. वाळल्यावर गोळा थोडा आकसतो, म्हणून शेवटचे दोन थर दुसऱ्या दिवशी द्या. रंग भडक पिवळा किंवा केशरी हवा, त्याचा उपयोग पुढे कळेल.

ग्रहांसाठी घरातलं धान्य पुरतं. सूर्यापासूनचं अंतर आणि व्यास असा:

बुध: ५.८ मीटर, ०.५ मिलिमीटर, जाड रव्याचा कण
शुक्र: १०.८ मीटर, १.२ मिलिमीटर, बारीक राईचा दाणा
पृथ्वी: १५ मीटर, १.३ मिलिमीटर, तसाच राईचा दाणा
मंगळ: २२.८ मीटर, ०.७ मिलिमीटर, खसखशीचा दाणा
गुरू: ७७.८ मीटर, १४ मिलिमीटर, लहान कंचा
शनी: १४३ मीटर, १२ मिलिमीटर, टपोरा काबुली हरभरा
युरेनस: २८७ मीटर, ५ मिलिमीटर, तुरीचा दाणा
नेपच्यून: ४५० मीटर, ५ मिलिमीटर, तुरीचा दाणा

राई नेहमीच्या डब्यातली घेतली तर दाणे दीड-दोन मिलिमीटरचे निघतात. बारीक चाळणीने चाळून खाली पडलेले घ्या. पट्टीवर दहा दाणे एका ओळीत चिकटून लावले आणि ती ओळ १३ मिलिमीटर भरली, की दाणा बरोबर. शनीची कडी पुठ्ठ्याची, बाहेरचा व्यास २.७ सेंटिमीटर.

प्रत्येक दाणा पोस्टकार्डाएवढ्या काळ्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवा आणि वरून पारदर्शक टेप लावा. टेप टाळू नका. नुसता डिंक लावून पाटी जमिनीजवळ ठेवली तर खसखस आणि रवा मुंग्या घेऊन जातात, आणि मंगळाच्या जागी कोरी पाटी उरते. पाटी तुराटीला बांधा. पऱ्हाटीपेक्षा तुराटी सरळ आणि हलकी असते.

अंतर मोजायला ३० मीटरची टेप मिळाली तर उत्तम. नसेल तर जाड सुती दोरीला दर १० मीटरवर रंगीत चिंधी बांधा. नायलॉनची दोरी ताणली की लांबते, आणि नेपच्यूनपर्यंत पोहोचेतो चूक पंधरा-वीस मीटरवर जाते. दोरी जमिनीला टेकवूनच मोजा, कारण हवेत धरली की मध्ये झोळ पडतो. सूर्य शाळेच्या फाटकाशी, माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या खांबावर ठेवा आणि तिथून पांदणीने निघा. वाट वळली तरी चालेल, मात्र मोजताना सूर्यापासूनचं सरळ अंतर धरायचं आहे हे लक्षात ठेवा. वळण मोठं असेल तर त्या जागी शेताच्या धुऱ्यावरून सरळ जा.

मांडणी बरोबर झाली की नाही, हे तपासायला मोजपट्टी लागत नाही. पृथ्वीच्या पाटीशी डोळा नेऊन आपला कागदी सूर्य पाहा. तो आकाशातल्या सूर्याएवढाच दिसायला हवा. खऱ्या सूर्याकडे बघून तुलना करायची नाही, डोळे जातात. पौर्णिमेचा चंद्र आकाशात जवळपास तेवढाच दिसतो, त्याच्याशी ताडून पाहा. लांब केलेल्या हाताच्या करंगळीने दोन्ही झाकले जातात. कागदी सूर्य मोठा वाटला तर एक तर गोळा मोठा झाला किंवा १५ मीटर कमी भरले.

चंद्राची जागाही इथेच दाखवा. राईच्या दाण्यापासून ३.८ सेंटिमीटरवर, म्हणजे दोन बोटांवर, बारीक रव्याचा एक कण. चंद्राच्या अख्ख्या कक्षेची रुंदी ७.७ सेंटिमीटर, आणि आपला कागदी सूर्य जवळपास १४ सेंटिमीटरचा. चंद्र पृथ्वीभोवती जेवढी जागा घेतो तिच्यासकट पृथ्वी सूर्याच्या पोटात सहज मावेल. ही गोष्ट सांगून पटत नाही. पाटी सूर्याच्या गोळ्याशेजारी धरली की एका क्षणात पटते.

मंगळापर्यंतचे चार ग्रह शाळेच्या आवारात बसतात आणि गुरू एकदम ७८ मीटरवर जातो. मधल्या मोकळ्या पट्ट्यात, साधारण ३३ ते ४८ मीटरच्या दरम्यान, लघुग्रह आहेत. आपल्या प्रमाणात ते डोळ्यांना दिसणारच नाहीत. पण यांच्यासारखाच, पृथ्वीच्या कक्षेला छेद देणारा एक दगड बुलढाणा जिल्ह्यात आदळला आणि काळ्या बेसाल्ट खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं लोणारचं विवर झालं. विदर्भातल्या मुलांना लघुग्रह शिकवताना परदेशी उदाहरण शोधायची गरज नाही.

नेपच्यूनच्या पाटीशी पोहोचलात की मागे वळून सूर्य शोधा. ४५० मीटरवरून तो एक ठिपका उरतो, निरभ्र सकाळी जेमतेम दिसणारा. भडक रंग यासाठीच. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर सरकतो. एका मुलाला सूर्यापासून पृथ्वीपर्यंत त्या वेगाने बोट सरकवत जायला सांगा. ८ मिनिटं २० सेकंद लागतात आणि वर्ग कंटाळतो. तो कंटाळा येऊ द्यावा, त्यातूनच अंतर कळतं. नेपच्यूनपर्यंत ४ तास १० मिनिटं. आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्झिमा सेंटॉरी, सुमारे ४,००० किलोमीटरवर मांडावा लागेल. नागपूर ते कन्याकुमारी सरळ अंतराच्या ते पावणेतीन पट आहे.

पृथ्वी सूर्यावर पडत का नाही

पडते. रोज, प्रत्येक सेकंदाला पडते. कक्षा समजण्यातली सगळी अडचण या एका वाक्यात आहे, म्हणून इथे घाई करू नका.

चिंध्यांचा घट्ट चेंडू एक मीटर सुतळीला बांधा. दगड वापरू नका. बाकीची मुलं पंधरा पावलं मागे. चेंडू डोक्यावरून सावकाश फिरवायचा आणि सुतळी समोरच्या कडुनिंबाकडे रोखली गेली की सोडायची. सोडण्याआधी मुलांना विचारा, चेंडू कुठे जाईल? बहुतेक जण झाडाकडे म्हणतात. चेंडू मात्र झाडाच्या बाजूला, सुतळीशी काटकोनात निघून जातो. ज्वारीच्या राखणीला गोफण चालवणाऱ्याच्या हाताला हे माहीत असतं; नेम धरताना तो दोर पाखरांच्या दिशेला यायच्या आधीच सोडतो. सोडलेली वस्तू त्या क्षणी ज्या दिशेने चालली होती, त्याच दिशेने सरळ जाते. बाहेर फेकणारं वेगळं बळ नसतं.

आता आकडे. पृथ्वी सेकंदाला २९.८ किलोमीटर पुढे जाते. तेवढ्या एका सेकंदात सूर्याची ओढ तिला सरळ रेषेपासून फक्त ३ मिलिमीटर आत आणते. जवळपास तीस किलोमीटर पुढे आणि ज्वारीच्या दाण्याएवढं आत. हे प्रत्येक सेकंदाला होत राहिलं की वर्षभरात वाट वळून परत पहिल्या जागी येते. पुढे जाण्याचा वेग नसता तर पृथ्वी सूर्यात कोसळली असती, ओढ नसती तर सरळ निघून गेली असती. चंद्राचंही तेच: सेकंदाला सुमारे १ किलोमीटर पुढे आणि १.४ मिलिमीटर पृथ्वीकडे.

इंजिन कुठेच नाही. मुलं हमखास विचारतात, की मग ढकलतं कोण? अवकाशात घासायला हवा नाही, म्हणून मिळालेला वेग संपत नाही. जिथे थोडी हवा आहे तिथे तो संपतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूचं मोठं कडं पडलं. ते चीनच्या एका रॉकेटचे अवशेष असल्याचं तज्ज्ञांचं मत होतं. खालच्या कक्षेतल्या वस्तूला विरळ हवा सतत घासते, ती खाली खाली येते आणि शेवटी दाट हवेत शिरून पेटते. ग्रहांच्या वाटेत अशी हवा नाही.

दुसरी सकाळ: टाळीवर चालणारे ग्रह

खळ्यावर तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, मळणीच्या बैलांची पात फिरताना पाहिलेल्या माणसाला ग्रहांचं फिरणं ओळखीचं वाटतं, आणि नेमकी तिथेच गफलत होते. पातीत आतला बैल जागच्या जागी वळतो, बाहेरच्याला धावावं लागतं, कारण सगळे एकाच दोरीत जुंपलेले असतात. ग्रहांचं याच्या उलट आहे. आतला बुध सेकंदाला ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, गुरू १३, आणि नेपच्यून साडेपाचच्या आत. त्यांना जोडणारी दोरी नाही. सूर्यापासून लांब गेलं की ओढ कमी होते, आणि कमी ओढीत वळायला कमी वेगच लागतो.

हे पायांनी शिकता येतं. २५ मीटर लांब-रुंद सपाट मैदान घ्या. मध्ये खुंटी रोवा, तो सूर्य. खुंटीला दोरी अडकवून चुन्याने पाच वर्तुळं काढा: बुध ७७ सेंटिमीटर, शुक्र १.४५ मीटर, पृथ्वी २ मीटर, मंगळ ३.०५ मीटर, गुरू १०.४ मीटर त्रिज्येची. दोरीची फास खुंटीभोवती सैल हवी. घट्ट असली तर दोरी गुंडाळत जाते आणि वर्तुळाची शेवटची बाजू आत येते.

आता वर्तुळांवर खुणा. बुधाच्या वर्तुळावर ४, शुक्राच्या १०, पृथ्वीच्या १६, मंगळाच्या ३०, सगळ्या सारख्या अंतरावर. दोन खुणांमधलं अंतर वर्तुळावरून मोजलं तर बुधाचं सुमारे १२२ सेंटिमीटर, शुक्राचं ९१, पृथ्वीचं ७८ आणि मंगळाचं ६४ येतं. गुरूसाठी १९० खुणा लागतात. त्या काढत बसू नका. गुरू झालेल्या मुलाला दर टाळीला ३४ सेंटिमीटरचं पाऊल टाकायला सांगा.

एक टाळी म्हणजे वर्षाचा सोळावा भाग, जवळपास २३ दिवस. प्रत्येक टाळीला सगळ्यांनी एक खूण पुढे जायचं, घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेने. टाळ्या सावकाश, तीन-तीन सेकंदांनी द्या. घाई केली की बुध झालेलं पोर गोंधळून दोन खुणा ओलांडतं. सोळाव्या टाळीला पृथ्वी घरी येते, तोवर बुधाचे चार फेरे झालेले असतात आणि मंगळ अर्ध्या वाटेच्या थोडा पुढे असतो. बुधाला ढांगा टाकाव्या लागतात आणि गुरू रांगतो. खळ्यावरची पात बरोबर उलटी झालेली मुलांच्या पायांनाच कळते.

मोठ्या वर्गातल्या मुलांना इथेच खगोलशास्त्रज्ञ केप्लरचा १६१९ चा नियम द्या. अंतर पृथ्वीच्या पटीत घेऊन त्याचा घन करा, तो फेऱ्याच्या वर्षांच्या वर्गाएवढा येतो. गुरू ५.२ पट लांब: ५.२ चा घन १४०.६. फेरा ११.८६ वर्षांचा: वर्ग १४०.७. शनीचा हिशेब त्यांनाच करू द्या, फेरा साडेएकोणतीस वर्षांचा.

या मांडणीतला सगळ्यात मोलाचा भाग आता येतो, तो वगळू नका. पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या एकाच बाजूला, एका रेषेत उभे करा. मग दोघांनाही चार-चार खुणा मागे न्या आणि तिथून टाळी सुरू करा. प्रत्येक टाळीनंतर पृथ्वीवरच्या मुलाने हातातली काठी मंगळाकडे रोखायची आणि काठीच्या रेषेत दूर काय दिसतं ते सांगायचं: पाण्याची टाकी, बाभूळ, देवळाचा कळस. खुणेची वस्तू निदान दोनशे मीटर लांब हवी. शाळेची भिंत चालणार नाही, जवळच्या वस्तूवर फरक चुकीचा दिसतो. पहिल्या दोन टाळ्यांना काठी डावीकडे सरकते. मग थबकते, आणि पुढच्या तीन-चार टाळ्यांना उजवीकडे, उलटी येते. त्यानंतर पुन्हा डावीकडे. मंगळ एकदाही मागे गेलेला नसतो. आतून वेगात येणारी पृथ्वी त्याला ओलांडून गेली, एवढंच. पंचांगात ज्याला मंगळ वक्री झाला म्हणतात ते हेच. पृथ्वी मंगळाला साधारण दर ३४ टाळ्यांनी, म्हणजे सुमारे ७८० दिवसांनी ओलांडते.

शुक्राकडे काठी रोखून पाहिलं तर आणखी एक जुनी ओळख उलगडते. शुक्राची चांदणी मध्यरात्री डोक्यावर का नसते? ती आपल्या आतल्या वर्तुळात आहे, म्हणून काठी सूर्यापासून ४७ अंशांपलीकडे जातच नाही. पहाटे नाहीतर संध्याकाळी, एवढ्याच तिच्या वेळा.

तिसरी सकाळ: वर्तुळ की लंबवर्तुळ

काल काढलेली वर्तुळं पूर्ण खरी नव्हती. केप्लरने १६०९ मध्ये टायको ब्राहे या खगोल निरीक्षकाच्या मंगळाच्या नोंदींवरून दाखवलं, की कक्षा लंबवर्तुळ असते आणि सूर्य तिच्या मधोमध नसतो, एका नाभीवर असतो. ते काढायला सारवलेलं अंगण किंवा खळं घ्या. दोन खिळे (याच लंबवर्तुळाच्या दोन नाभी, त्यांतल्या एकावर सूर्य), सुतळीची बंद फास आणि खडू एवढंच लागतं. फास खिळ्यांभोवती टाकायची, खडूने ताणून धरायची आणि फिरवायचं. चारही आकृत्या २ मीटर लांबीच्या:

पृथ्वी: खिळ्यांतलं अंतर ३.३ सेंटिमीटर, ताणून धरलेली फास १०१.७ सेंटिमीटर लांब
मंगळ: १८.७ आणि १०९.४
बुध: ४१.१ आणि १२०.६
हॅलेचा धूमकेतू: १९३.४ आणि १९६.७

फासेची लांबी गाठ मारून झाल्यावर मोजा, गाठीत दोन-तीन सेंटिमीटर जातात. खडू उभा धरा. तो कलला की रेघ तुटक आणि बाहेर फेंगडी येते. हॅलेच्या आकृतीत फास फार निमुळती होते आणि टोकाशी खडू अडतो, तिथे दुसऱ्याने खिळे दाबून धरावेत.

मग रुंदी मोजा. हॅलेची आकृती २ मीटर लांब आणि फक्त ५१ सेंटिमीटर रुंद निघते. बुधाची १९५.७. आणि पृथ्वीची लांबी-रुंदी अर्ध्या मिलिमीटरच्या आत सारखी, खडूची रेघच त्याहून जाड असते. पुस्तकांत पृथ्वीची कक्षा अंड्यासारखी लांबट छापतात, आणि त्यातून 'उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते' हा समज घट्ट बसतो. खरं तर पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, १४.७१ कोटी किलोमीटरवर, जेव्हा आपल्याकडे शेकोट्या पेटलेल्या असतात. जुलैच्या सुरुवातीला ती १५.२१ कोटींवर जाते. ऋतू अक्षाच्या २३.४ अंशांच्या कलामुळे होतात. चंद्रपूर मे महिन्यात तापतं, कारण तेव्हा दुपारचा सूर्य डोक्यावर असतो आणि दिवस मोठा असतो.

जवळ असताना ग्रह वेगात जातो, लांब असताना सावकाश. हे तपासायला दिनदर्शिका पुरते. २१ मार्चच्या सुमारास दिवस-रात्र सारखी असते, तिथून २३ सप्टेंबरच्या सुमाराच्या तशाच दिवसापर्यंत मोजा: १८६ दिवस. तिथून पुन्हा मार्चपर्यंत १७९. निम्मी वाट आठवडाभर लवकर संपते, कारण जानेवारीतली पृथ्वी जास्त वेगाने चालते. हॅलेच्या आकृतीत हा फरक टोकाला जातो: सूर्याजवळ सेकंदाला सुमारे ५४ किलोमीटर, लांबच्या टोकाला १ किलोमीटरहून कमी. म्हणून तो १९८६ मध्ये आला, काही महिन्यांत निघून गेला आणि आता २०६१ मध्ये येईल.

मंगळाची आकृती पुसू नका, तिचं एक काम बाकी आहे. १९ फेब्रुवारी २०२७ ला पृथ्वी मंगळाला ओलांडेल. तेव्हा मंगळ आपल्या कक्षेच्या लांबच्या बाजूला असल्यामुळे अंतर सुमारे १० कोटी किलोमीटर राहील. २०१८ च्या जुलैअखेर तो ५.७६ कोटींवर आला होता. तांबूस मंगळ सिंह राशीत, मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याच्या आसपास दिसेल. गावाबाहेर, विजेच्या दिव्यांपासून दूर जागा पक्की करा. डिसेंबर २०२६ पासून आठवड्यातून एकदा वहीत जवळचे चार-पाच तारे काढून मंगळाचा ठिपका द्या आणि तारीख लिहा. डिसेंबरात त्यासाठी रात्री उशिरापर्यंत जागावं लागेल, फेब्रुवारीत तो दिवेलागणीनंतर पूर्वेलाच असेल. जानेवारीच्या मध्याला ठिपके वळायला लागतील आणि मार्चअखेरपर्यंत उलटे चालतील. मैदानावर काठीने केलं होतं तसंच.